सम्यक गेला त्या उन्हाळ्यातली नाटकं

सम्यक फेब्रुवारीत गेला. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. वय चौतीस. त्याची मोठी बहीण नम्रता तेव्हा रडली नाही. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही, पुण्यानुमोदनाला परळच्या चाळीचा अख्खा मजला गोळा झाला तेव्हाही नाही. सगळ्यांना चहा पोचतोय ना, सतरंज्या पुरतायत ना, एवढंच ती बघत राहिली. "पोरगी धीराची आहे," बायका म्हणाल्या. धीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि ओठ आपला राहत नाही, तसं काहीतरी झालं होतं. ते उतरत मात्र नव्हतं.

नम्रता माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकवायची आणि एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत नाटकांवर लिहायची. पुरवणीचा संपादक दीपक म्हणाला, "मॅडम, घाई नाही. उन्हाळा झाल्यावर बघू."

"उलट उन्हाळ्यात मला सुट्टी असते," ती म्हणाली. "जास्त नाटकं दे."

घरी आई होती, सुंदराबाई. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून राहण्यापेक्षा अंधारात अनोळखी माणसांत बसणं सोपं होतं.

दादरला एक फार्स पाहिला. शेजारचा माणूस हसून हसून खुर्चीच्या हातावर थापा मारत होता. दार उघडलं की सेटची भिंत हलते, हे तेवढं नम्रताच्या लक्षात राहिलं. भीमजयंतीच्या आठवड्यात परळला मैदानात जलसा होता. ती गाणी तिला लहानपणापासून पाठ. सगळे उठले तशी तीही उठली, तालात टाळ्या वाजवल्या. लालबागला दशावतार झाला. राक्षस आरोळ्या ठोकत प्रेक्षकांतून आला, पोरं किंचाळली, तिने त्याला वाट द्यायला पाय आत घेतले. प्रत्येकावर तिने लिहिलं. नेपथ्य, प्रकाश, उच्चार, वेग. दीपकचा मेसेज आला, 'हल्ली फार संतुलित लिहिताय. लोकांना आवडतंय.'

मे महिन्यात तिने गिरगावात एक नवं नाटक पाहिलं. कोळीवाड्यातली एक बाई, तिचा भाऊ बोटीवर गेलेला. तो येणार नाही हे सगळ्यांना कळलंय, पण ती रोज त्याचं ताट वाढते. शेवटी एक दिवस वाढत नाही. ती बाई अपेक्षा नावाची तरुण नटी करत होती. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. नम्रताला वरच्या एसीची घरघर ऐकू येत होती. तिने घरी येऊन लिहिलं आणि पाठवून दिलं.

छापून आलं त्याच दिवशी अपेक्षाचा फोन आला.

"ताई, राग मानू नका. तुम्ही जाळ्यांबद्दल लिहिलंत, समुद्राच्या आवाजाबद्दल लिहिलंत. माझ्याबद्दल एक ओळ. 'भूमिका नीट पेलली.' मी इतकी वाईट केली का?"

नम्रता काहीतरी गुळगुळीत बोलणार होती. पण तेवढ्यालाही ताकद लागत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला फेब्रुवारीत. तेव्हापासून मी जे काही बघते ते काचेपलीकडून बघते. तू चांगली केलीस की वाईट, मला खरंच कळलं नाही."

"मग कशाला लिहिता?"

"दुसरं काय करू?"

"आमच्याकडे या," अपेक्षा म्हणाली. "लिहायला नाही. राधा आमची प्रॉम्प्टर, ती गावी गेलीय. अनिशने दुसरा अंक बदललाय, नवीन वाक्यं तोंडात बसत नाहीत. स्क्रिप्ट धरायला कुणीतरी पाहिजे."

नम्रता गेली. लालबागला एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तालीम चालायची. अनिश, म्हणजे दिग्दर्शक, त्याने तिच्या हातात स्क्रिप्ट दिली आणि खुर्ची दाखवली. काम साधं होतं. ओळीखाली बोट धरायचं, कुणी अडकलं की पुढचा शब्द द्यायचा. काय वाटतंय हे कुणी विचारत नव्हतं.

ताटाच्या प्रसंगात अपेक्षा थांबली. नम्रताने लगेच शब्द दिला.

"अहो ताई, तो पॉज आहे!" अपेक्षा हसली. "मी विसरले नाही."

पुन्हा केलं. पुन्हा नम्रताला तेवढी शांतता सहन झाली नाही, पुन्हा शब्द निघून गेला.

"थांबा ना जरा," अनिश म्हणाला. "तिच्याकडे बघा. अडकलेलं माणूस वेगळं दिसतं, थांबलेलं वेगळं."

तिसऱ्यांदा तिने ओठ मिटून ठेवले आणि अपेक्षाकडे बघत राहिली. पुढचं वाक्य तिने शब्द न देताच आलं.

राधाचा मुक्काम लांबला, तेव्हा रविवारच्या दुपारच्या प्रयोगालाही नम्रताच विंगेत बसणार असं ठरलं. निघताना सुंदराबाई म्हणाली, "मी पण येते. घरात एकटी काय करू?"

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच नम्रताला काहीतरी जाणवलं आणि ती भीती होती. "आई, ते भावाचं नाटक आहे. जो परत येत नाही."

"मग? मला ठाऊक नाही का?"

आईला तिने तिसऱ्या रांगेत बसवलं. दुसऱ्या अंकात ताटाचा प्रसंग आला, अपेक्षा थांबली, आणि नम्रताने पडद्याच्या फटीतून खाली पाहिलं. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. सुंदराबाईची मान खांद्यावर कलली होती, तोंड थोडं उघडं होतं. ती झोपली होती. फेब्रुवारीपासून ही बाई रात्रभर कूस बदलायची, पहाटे भांडी घासत बसायची. आणि आता एसीच्या गारव्यात, लोकांच्या हुंदक्यांमध्ये गाढ झोपली होती.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, तरी ती उठली नाही. नम्रता जाऊन शेजारी बसली. अपेक्षा मेकअप न पुसताच खाली आली.

"सॉरी गं," नम्रता हळू म्हणाली. "तुझ्या मेन सीनला झोपली."

"झोपू द्या. हॉल बंद करायला वेळ आहे अजून," अपेक्षा म्हणाली आणि पाय न वाजवता निघून गेली.

बऱ्याच वेळाने सुंदराबाईने डोळे उघडले. "संपलं?"

"हो."

"चांगलं होतं?"

"माहीत नाही गं. मी शब्द बघत होते."

"मला पण सांगता नाही यायचं," आई म्हणाली. पदर सारखा केला, चपला शोधल्या. "पुढच्या रविवारी आहे का परत?"

नम्रताने दीपकला कळवलं की सदर सध्या दुसऱ्या कुणाला तरी दे. तो नाराज झाला. राधा गावाहून आली, पण तिला दुसरं काम मिळालं होतं, म्हणून नम्रता त्या खुर्चीतच राहिली. कॉलेज सुरू झाल्यावरही सुट्टीच्या दुपारी जायची. रडू तिला त्या उन्हाळ्यात आलं नाही. आई प्रत्येक प्रयोगाला यायची. कधी जागी राहायची, कधी नाही.