छताला दोनदा घातलेलं पाणी

मामंजींनी शाळेचं छत ओतलं. त्याच सिमेंटचा कण त्यांच्या संशोधक सुनेने मजबुती तपासायला संगणकात रेणू-रेणूने रचून ताणला, तर तो भिजल्या बिस्किटासारखा तुटला. सोमवारी त्या छताखाली मुलं बसणार होती.

"मामंजी, छत पाडावं लागेल," ती कशीबशी म्हणाली.

एरवी आपण बांधलेल्या भिंतीला धडकून वादळ लंगडत परत गेलं, असं सांगणारे मामंजी संगणकाच्या पडद्यावर वाकले.

"सूनबाई, एवढा पातळ माल मी झोपेतही कालवणार नाही. पाणी किती घातलंस?"

तिने मोजलं. पाण्याचे रेणू चहाआधी घातले होते आणि चहानंतर पुन्हा. निम्मे काढून तिने परत ताणलं. संगणक घामाघूम झाला, पण कण तुटता तुटेना. सुनेच्या जिवात जीव आला.

"उद्यापासून पाणी मी घालतो," मामंजी म्हणाले. "तू नुसतं तोडायचं बघ."