भुऱ्याच्या कुलपाची किल्ली

हे घडलं दोन हजार चौदा साली, हुदहुद वादळ विशाखापट्टणमवर आदळलं त्या ऑक्टोबरात. नव्या रायपुरात तेव्हा रस्ते मैदानासारखे रुंद आणि माणसं मोजकी. वादळाच्या आदल्या दिवशी पद्मिनीबाईंचा धाकटा भाऊ श्यामकांत, तिकडे रेल्वेत कारकून, मिळेल त्या गाडीने बायकोला, शारदेला, घेऊन त्यांच्या फ्लॅटवर येऊन उतरला. सोबत टीव्ही होता, मिक्सर होता, शारदेच्या साड्यांची पेटी होती.

"अन् भुऱ्या?" पद्मिनीबाईंनी दारातच विचारलं. भुऱ्या म्हणजे श्यामकांतचा कुत्रा.

"सोडून दिला, ताई. जनावर आहे, जागा शोधते बरोबर."

मग बातम्यांत उन्मळलेली झाडं आणि उडालेले पत्रे दिसू लागले. तिकडचे फोन लागेनात. तिसऱ्या दिवशी भावाची पँट भिजत घालताना पद्मिनीबाईंच्या हाताला खिशातली इवलीशी पितळी किल्ली लागली. त्यांनी ती लगेच ओळखली. उन्हाळ्यात त्या तिकडे गेल्या होत्या तेव्हा भुऱ्या नाकाने साखळीचा आकडा उघडून पळायचा, म्हणून श्यामकांतने त्यांच्यासमोरच साखळीला कुलूप घातलं होतं.

ओल्या हातांनीच त्या बाहेर आल्या. "याचं कुलूप कुठं आहे रे?"

उत्तर शारदेने दिलं, "ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता, दीदी. घाईत राहून गेलं. व्हरांड्यातच आहे तो."

"मिक्सर नाही राहिला घाईत! साड्या नाही राहिल्या! अन् मले सांगते सोडून दिला? काहून खोटं बोलला?"

"लाज वाटली, ताई. आता तर मेलाही असेल."

"मग पुरून ये. पण जा! बाकीच्या जनावरांले पळता तरी आलं असेल, त्याले तू कुलूप घालून आला. भाऊबीजेले ताट करून ठेवीन मी, पण तिथं जाऊन आल्याशिवाय तुले ओवाळणार नाही."

"गाड्या बंद आहेत."

"बस आहे, ट्रक आहे, पाय आहेत." आणि किल्ली त्यांनी त्याच्या तळहातावर आपटली.

तो गेला. शारदेने नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले, की कुत्र्यापायी बहिणीने भावाला घराबाहेर काढलं. पद्मिनीबाई म्हणाल्या, "कुलपाचंही सांग त्यांले."

भाऊबीजेला दुपार कलली तरी पाट रिकामाच होता. मग श्यामकांत आला, दाढी वाढलेला, हातात दोरी, दोरीला भुऱ्या. कुत्र्याच्या मानेभोवती भरत आलेली जखम होती. तिकडे त्याच्या वरच्या मजल्यावर राहणारी तेलुगू म्हातारी ऐन वाऱ्यात खाली उतरली होती आणि तिने वरवंट्याने कुलूप फोडलं होतं.

"ती मले काय काय बोलली ताई, तुले सांगू नाही शकत."

"चांगलं बोलली. बस पाटावर."

ओवाळून झाल्यावर त्याने विचारलं, "ताटात काय घालू?"

"ती किल्ली घाल."

भुऱ्या परत गेला नाही. पाच वर्षं पद्मिनीबाईंकडे राहिला. वीज कडाडली की दाराशी जाऊन उभा राहायचा, दार उघडं ठेवावं लागे. श्यामकांत आला तर उठायचा नाही. शारदा दोन वर्षं नणंदेशी बोलली नाही, पण भुऱ्या गेला तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. म्हातारी वारेपर्यंत श्यामकांत दर दिवाळीला तिला साडी नेऊन देत असे. तो निवृत्त होऊन अभनपुरात राहतो. दर भाऊबीजेला पद्मिनीबाई ताटात निरांजनाशेजारी ती किल्ली ठेवतात, आणि ताट त्याला ती नीट दिसेल असं धरतात.