आडनाव आधी

स्टुलावरच्या ताटलीत ठेवलेला फोन थरथरला, तशी ताटली खणखणली. मांडीवर डोकं ठेवून नुकतीच झोपलेली पायल चुळबुळली. हर्षालीनं तिला थोपटत फोन उचलला.

फोन दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरच्या महेशचा होता. त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर ती नाशिक रोडच्या घरून सांभाळायची.

"ताई, तुमचा शोध जेवायला गेला काय? नाव टाकलं की नुसतं चक्र फिरतंय." मग त्याचा आवाज उतरला. "सायखेड्याच्या विठाबाई म्हणून आहेत. शुद्धीवर नाहीत. डॉक्टर जुना कागद मागताहेत."

मागून त्यांचा मुलगा काकुळतीनं सांगत होता, "मागं इथंच सुईनं आईचं अंग सुजलं व्हतं, साहेब. कोणती सुई, मला नाय ठाव."

सर्व्हर बसला असेल म्हणून तिनं आधी तो तपासला. तो ठणठणीत होता. मग तिला स्वतःच परवा केलेला बदल आठवला.

कागदावर आडनाव आधी लिहायची रीत. खेड्यातली माणसं मात्र आधी स्वतःचं नाव सांगत, आणि मग खिडकीवर ती सापडतच नसत. त्यांची हेळसांड नको म्हणून तिनं शोध बदलला होता. नाव मधे असो की शेवटी, सापडलं पाहिजे. घरी थोड्याशा खोट्या नावांवर ते झटकन चाललंही. पण नाव झटकन सापडावं म्हणून असलेला इंडेक्स, शब्दकोशासारखा, लावलेला आडनावाच्या क्रमानं. मधलंच नाव मागितलं की तो असून नसल्यासारखा. मशीन आता पहिल्या रुग्णापासून लाखो नावं एकेक करून वाचत बसलं होतं.

"महेश, आडनाव विचारा. लवकर!"

"गांगुर्डे."

तिनं आडनाव आधी घालून थेट डेटाबेसला विचारलं. बोट उचलायच्या आत कागद समोर. खाली ॲलर्जीची लाल अक्षरं.

"पेनिसिलिन द्यायचं नाही म्हणावं! महेश, ऐकताय ना?"

पलीकडे पळापळ चालली होती.

"ताई... डॉक्टर म्हणाले, आता थांबता येत नाही. तेच दिलंय मघाशी."

तिला फोन ठेवता येईना. महेशलाही ठेवायचं सुचलं नाही. बऱ्याच वेळानं फोनमधून विठाबाईंच्या मुलाचा हंबरडा खोलीभर झाला. "आये, डोळं उघड ना गं!"

पायल दचकून उठली. फोनकडे बघत राहिली. मग आईची हनुवटी आपल्याकडे वळवून तिनं विचारलं,

"आई, त्या काकांची आई का उठत नाहीये?"