बाजूची सीट

गॅरेजवाल्या अंकुशने चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारे दोन डिफरेन्शियल पुसून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जितेंद्रने त्यातला उजवीकडचा लगेच उचलला; जावयाने ताटातला मोठा लाडू उचलावा तसा.

"साधा असला का घसरत्या चाकालेच सगळा जोर जाते," अंकुश हिमानीला समजावू लागला. "यातला कोणताही बसवला का दुसऱ्या चाकालेही भेटते. भाऊच्या हातात आहे तो प्लेटवाला. पकड जबरदस्त, पण हळू वळणावर कटकट करते, झटके देते. हा दुसरा गिअरवाला, चूपचाप राहते. रोज रस्त्यावर चालवाले हाच बरा."

"पण मजा कशात आहे?" जितेंद्रने विचारलं.

"मजा एकट्याची, भाऊ. घरचं माणूस बाजूले बसत असन तं गिअरवालाच घ्या."

गाडी दोन सीटची, लाल, जमिनीला टेकलेली. मणक्याच्या ऑपरेशननंतर धंतोलीच्या हॉस्पिटलातून जितेंद्रने बायकोला हिच्यातूनच घरी आणलं होतं. दिराची मोठी गाडी दारात उभी होती, पण मागायला याला कमीपणा वाटला. धरमपेठेपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला हिमानीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि हा तिला इंजिनाचा आवाज ऐकवत होता. आज 'गॅरेजात सोबत चल' म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, या वेळी तरी आपली पाठ त्याच्या लक्षात असेल. आशा वेडी असते.

"तूच सांग न वं," जितेंद्र म्हणाला. प्लेटवाला त्याने छातीशी धरलेलाच होता. "तू म्हणशील तो."

लग्न झाल्यापासून हे तोंडदेखलं विचारणं चालू होतं. पडद्याचा रंग असो की डॉक्टर, नावडतीचं मीठ अळणी. ती गिअरवाला म्हणाली असती, तर सक्करदऱ्याच्या या गॅरेजपासून घरापर्यंत त्याने तोंड फुगवलं असतं आणि आठवड्याने गुपचूप येऊन हवा तोच बसवून घेतला असता. तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःच्या आशेचा आला.

अंकुशने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा न वहिनी. उभं राहणं होत नसन."

ती बसली नाही.

"प्लेटवालाच टाका," ती म्हणाली.

"पण त्याचे झटके..." अंकुशची नजर तिच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेली. "तुमच्यानं बसणं होणार नाही गाडीत."

"मले कुठं बसाचं आहे आता?"

जितेंद्र खूश होऊन हसला.

"पाहा गा, अंकुश! समजदार बायको भेटाले नशीब लागते."

त्याने प्लेटवाला टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढला आणि दोस्तांना पाठवू लागला. हिमानीने रस्त्यावरचा ऑटो हात करून थांबवला.

"मी आईकडे जाते," ती म्हणाली. "आता तिथंच राहीन."

"बरं," मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला. "गाडी कधी देतो गा, अंकुश?"

अंकुश वळणाऱ्या ऑटोकडे बघत होता.