जास्वंदीचा उपास

मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याकडची आहे, आवाज मोठा आहे, आणि पोरं गप्प बसली नाहीत तर तो थेट बोईसर स्टेशनात ऐकू जातो असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्या सोमवारी मी जे ओरडले त्याची मात्र मला अजून लाज वाटते.

आमचे हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर. बोईसरजवळच्या शाळेत मला नोकरी लागली, म्हणून सासूबाईंनी इकडे राहू दिलं. जागा तात्पुरती. शाळा तपासणारे दिप्टीसाहेब पाठ बघायला येणार, शेरा चांगला पडला तर जागा पक्की. नाही तर मी गाठोडं बांधून पुन्हा सासूबाईंच्या हाताखाली, आणि हे इथे खानावळीत. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यातले चारच महिने आम्ही एका छपराखाली काढलेले. आता बोला!

पाठ मी घेतला प्रकाशसंश्लेषणाचा. त्यालाही कारण आमचे हेच. जेवायला बसले की अणूतून वीज कशी निघणार ते सांगायचे. केवढी यंत्रं, केवढे अमेरिकन साहेब! एकदा मी म्हटलं, "त्यात काय एवढं? आपली जास्वंद डालड्याच्या डब्यात उभी राहून ऊन पकडते. तिला कुठला साहेब लागत नाही." हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी इरेलाच पेटले.

आठवडाभर वर्गात तेच चालू. "पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मुळं पाणी आणतात, पान हवेतला कर्बवायू घेतं. आणि चूल कसली? उन्हाची! पानातला हिरवा रंग ऊन धरतो, त्या उन्हाच्या जोरावर पाणी आणि वायूची साखर होते. म्हणजे ऊन त्या साखरेत बांधून ठेवलं जातं. उरेल तिचं पीठ करून झाड ते पानातच साठवतं. लाकूड जळताना धग लागते ना, ती म्हणजे हेच बांधून ठेवलेलं ऊन."

पोरं खिडकीतून बैलांची झुंज बघत होती. ऐकत होती एकटी नवसी. ती जवळच्या वारली पाड्यावरची, शाळेची झाडलोट करायची, आणि माझा तास सुरू झाला की केरसुणी घेऊन दारातच बसायची.

"नवसे, ऊठ. व्हरांडा तसाच पडलाय."

"हां बाय," म्हणायची आणि तिथेच बसायची.

आता प्रयोग सांगते. झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानात साठवलेलं पीठ ते वापरून संपवतं. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून झाड उन्हात ठेवायचं. नंतर ते पान तोडून उकळायचं, गरम स्पिरिटात त्याचा हिरवा रंग घालवायचा आणि वर आयोडीन टाकायचं. ऊन लागलं तिथे नवं पीठ, म्हणून पान काळंनिळं होतं. पट्टीखाली पीठ नाही, म्हणून तेवढा भाग पिवळट राहतो. दिवस दारूबंदीचे. पालघरच्या कंपाउंडरकडून स्पिरिटची बाटली पदराखाली घेऊन आले, तर एसटीत शेजारची बाई नाक मुरडून उठूनच गेली. तेही सोसलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जास्वंद कपाटात ठेवली. शाळेच्या सगळ्या किल्ल्या नवसीकडे असायच्या. तिला बजावलं, "सोमवारपर्यंत हिला ऊन दाखवायचं नाही."

नवसीचं तोंड उतरलं. "दोन दिस? काय केलान तिनं?"

"काही नाही केलं. उपाशी ठेवायची आहे," मी म्हटलं आणि निघाले. घरी कणीक तिंबायची होती.

सोमवारी अकराला कपाट उघडलं. जास्वंद चांगली टवटवीत दिसली. मला वाटलं, वा, काय चिवट आहे! पानाला पट्टी लावून डबा अंगणात ठेवला. तीनला दिप्टीसाहेब आले. किडकिडीत, कपाळाला आठ्या, काखेत छत्री. मी पान उकळलं, रंग घालवला, बशीत पसरलं आणि देवाचं नाव घेऊन आयोडीन टाकलं.

पान काळं झालं. सगळंच्या सगळं काळं. पट्टीची जागासुद्धा काळीकुट्ट.

"बाई, पट्टी कुठाय?" पुढच्या बाकावरच्या दामूने विचारलं. एरवी तोंड उघडत नाही मेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी हात लावला झाडाला?"

नवसी दारात उभी राहिली. "मीनी. शनवारी, काल, आन आज सकाली पन अंगनात ठेवली, मंग परत कपाटात. आमचे घरात कुत्र्याला घातल्याबिगर आमी जेवत नाय. ती बिचारी कोंडलेली, तं माझे घशाखाली घास उतरंल का?"

"घात केलास माझा! अडाणी कुठली! चालती हो इथून!" मी ओरडले. अख्ख्या शाळेसमोर, त्या माउलीला. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंचं अंगणच दिसत होता.

"थांबा बाई," दिप्टी म्हणाले. मग नवसीकडे वळले. "झाड उपाशी होतं, तर भात घालायचास. उन्हात कशाला ठेवलंस?"

नवसीला त्यांची कीवच आली. "साहेब, झाड काय भात खातं? पानी मी घातलाच. पन नुसत्या पान्यानं पोट भरतं? ती उन्हावर रांधते. ऊन नाय तं चूल नाय."

"आणि ते ऊन जातं कुठे?"

"पानात पीठ होऊन बसतं. मंग लाकडात जातं. आमी लाकूड जालतो तवा भायेर निघतं. बायनीच सांगलाय."

दिप्टींनी दामूला उभं केलं. "तू सांग. झाड काय खातं?"

"शेणखत, साहेब!"

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

दिप्टी पहिल्यांदाच हसले. शेरेबुक ओढून त्यांनी लिहिलं: 'प्रयोग फसला. पाठ पोचला. पाठ पोचला म्हणूनच प्रयोग फसला. बाईंना कायम करावे.'

ते गेल्यावर मी नवसीशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले. "चुकलं माझं," एवढंच बोलता आलं. रडू येत होतं.

"असू दे बाय," ती म्हणाली. "पन मी एवढी पोसली तिला, मंग तुमी तिचा पान उकडलात कशापायी?"



पुढच्या वर्षी दिप्टी पुन्हा येणार होते. त्या वेळी मी नवसीला जवळ बसवून सगळा प्रयोग आधी नीट समजावला, आणि तरी खात्री वाटेना म्हणून दोन दिवस मनोरला बहिणीकडे जा म्हटलं. गेली. पण जाण्याआधी तिने स्वतःच्या हाताने जास्वंद कपाटात ठेवली आणि दार लावता लावता तिला समजावलं, "बायची इज्जत हाय गं. दोन दिस उपास कर. मंगलवारी मी येतेच."

सोमवारी दिप्टींसमोर पट्टी बरोबर पिवळट उमटली. मंगळवारी नवसी आली, तेव्हा जास्वंद मी आधीच पाड्यावर तिच्या अंगणात नेऊन ठेवली होती.