चादरीची रांग

वैजयंतीबाईंनी कूलरची पिन ओढून काढली आणि तिथे फोनचा चार्जर खोचला. कूलर घरघरत थांबला. एप्रिलचं बुऱ्हाणपूरचं ऊन लगेच खोलीत येऊन बसलं. पण आता पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येणार होता.

पलीकडे सुदानमधलं खार्तूम होतं. त्यांची पल्लवी तिथल्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात नर्स होती. शहरात लढाई पेटल्यापासून ती तिथेच अडकलेली. आज मात्र वाट निघाली होती. धाकटा दीर सुरेश याने दिल्लीला फोन कर-करून परत आणायच्या यादीत तिचं नाव लावलं होतं. भारतीयांना बंदराकडे नेणाऱ्या बसपर्यंत पोचवायला एक गाडी इस्पितळाच्या पुढच्या दाराशी उभी होती, आणि ड्रायव्हर फार वेळ थांबायला तयार नव्हता.

शेजारच्या अंगणात आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गात होत्या. सुरेशने उठून खिडकी लावली.

“वहिनी, लाडात बोलू नका,” तो म्हणाला. “शाळेत दटावायच्या ना, तसं दटावा. म्हणा, सामान-बिमान राहू दे, पण निघ. ही गाडी सुटली तर दुसरी कोण देईल?”

वैजयंतीबाईंनी मान हलवली. वाक्य त्यांनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं.

फोन लागला. कुठेतरी लांब धडधड झाली. पल्लवी भराभर सांगत सुटली. लाईट नाही, लिफ्ट बंद, खालच्या मजल्यावर धूर. मुलांना न्यायला मदतवाल्यांची गाडी मागच्या फाटकाशी आली होती. ज्यांना चालता येत नाही त्यांना वॉर्डबॉय उचलून नेत होते. बाकीची चालणारी होती, पण अंधाऱ्या जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसली होती. गोळीबारामुळे त्यांचे आईबाप पोचलेलेच नव्हते.

“पल्लू, माझं ऐक—”

“आई, एकाला धरलं की दुसरं पळतं. रडताहेत सगळी. कसं उतरवू गं? तू तर वर्गच्या वर्ग इतवारा बाजाराच्या गर्दीतून तापीवर न्यायचीस.”

घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला कुणी ‘कसं’ विचारलं, की बाकी सगळं मागे राहतं.

“पलंगावरची चादर घे,” त्या म्हणाल्या. “मी लुगडं घ्यायचे. लांब पीळ घाल. दोन्ही अंगांनी मुलं उभी कर, एकेका हातानं धरू दे. सगळ्यात भित्रं असेल ते पुढं. त्याला म्हण, चादर तुझ्या भरवशावर आहे. जिन्याचं नावच काढू नको.”

सुरेशने कपाळाला हात लावला.

पलीकडे पल्लवी अरबीत काहीतरी समजावू लागली. रडं हळूहळू मुसमुसण्यावर आलं.

“धरली आई, सगळ्यांनी. माझ्याबरोबर इथली एक आया आहे. एकीनं पुढे, एकीनं मागे. मी पुढे राहू की मागे?”

“पुढं सांगा,” सुरेश कुजबुजला. “पोरं गाडीत चढली की तशीच पळत जाऊन आपली गाडी पकडंल. मागं ती आया आहे ना.”

खरं होतं ते. वैजयंतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. पुढे चालणाऱ्याला वाट दिसते. कुणाचा हात सुटला, कोण पायरीवरच बसलं, हे मागच्याला दिसतं, आणि मागचा सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो. एवढ्या वर्षांत त्या एकदाही पुढे चालल्या नव्हत्या. त्याच रांगेत चालत पल्लवी लहानाची मोठी झाली होती. तिला हे ठाऊक होतं. तरी ती विचारत होती.

“आई?”

“मागे,” त्या म्हणाल्या.

पल्लवीने आयाला अरबीत पुढे व्हायला सांगितलं. मग, “बरं.”

फोन तिने बंद केला नव्हता, नुसता खिशात टाकला होता. खालून, पुढच्या दाराकडून गाडीचा हॉर्न आला. परत आला. सुरेश काही बोलायला गेला, तेव्हा वैजयंतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मुलांच्या पावलांचा आवाज जिन्याने पायरी पायरी खाली जात राहिला. मग हॉर्न थांबला आणि पुढच्या दाराची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. पल्लवीचा श्वास मात्र अगदी कानाशी ऐकू येत होता.