गव्याच्या आकाराचं भोक

मी एक जुना पत्र्याचा छाप आहे. कमरुद्दीन पेंटरांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला, वीतभर लांबीचा, कडेने गंजलेला. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र सांगताना लाज वाटते.

मूळचा मी गोडेतेलाचा डबा. गडचांदूरच्या एका सिमेंट कंपनीने आपल्या मालाची खूण म्हणून रानगवा ठरवला आणि तो दुकानादुकानावर रंगवायचं काम कमरुद्दीनभाऊंना दिलं. त्यांनी डबा कापला, पत्रा ठोकून सपाट केला आणि छिन्नीने त्यात गव्याच्या आकाराचं भोक पाडलं. मला दारावर धरायचं, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, मला उचललं की शिंगं रोखलेला गवा तयार! नागभीडपर्यंत मी गवे उठवले. लोक म्हणत, "कमरुद्दीनभाऊचा गवा लय भारी." ते ऐकून आम्ही दोघंही फुगलो.

भाऊंची मुलगी शाजिया दहावीला होती. १९९८ च्या उन्हाळ्यात तिने एक खेळ तयार केला. पुठ्ठ्याच्या पटावर जंगलाची वाट आणि फाशांऐवजी चिंचोके. अस्वलाला चुकवून मोहफुलं वेचायची आणि घरी पोचायचं. शेजारच्या पोरांना खेळायला बसवून ती दोन महिने नियम बदलत राहिली. खेळाचे चाळीस डबे झाले. प्रत्येक झाकणावर तिने मोहाखाली बसलेलं अस्वलाचं पिल्लू काढलं. चंद्रपूरच्या एका दुकानदाराने सगळे डबे मांडायचं कबूल केलं, तेव्हा ती दिवसभर हसत होती.

डबे जायच्या आदल्या दुपारी ती मैत्रिणीकडे गेली असताना भाऊंनी मला खाली काढलं. अस्वलाला कोण ओळखतं, गवा दिसला की लोक विश्वासाने घेतील, असं ते पुटपुटले. मग चाळीस झाकणांवर, नेमका त्या पिल्लावर, मी गवा उठवला. खरं सांगतो, तेव्हा मला अभिमान वाटला.

पंधरा दिवसांत सगळे डबे परत आले, तेव्हाच शाजियाने झाकणावरचा गवा पाहिला. सोबत कंपनीचं पत्र होतं: आमची खूण परवानगीशिवाय वापरली आहे, माल विकू नये.

भाऊ मला पिशवीत घालून, शाजियाला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. तिथले अश्वजित साहेब रागावले नाहीत.

"भाऊ, आधी काऊन नाई विचारलं?"

"साहेब, पंधरा वर्सं मीच गवा काढून राह्यलो. मले वाटलं, माह्याच आहे."

"हात तुमचा, पत्रा तुमचा. पन गवा कंपनीचा आहे ना! अर्ज केला असता तं लेखी परवानगीचा विचार केला असता." साहेबांनी डबा उघडून पट पाहिला. "खेळ मस्त आहे. कोनं बनवला?"

भाऊंनी शाजियाकडे बोट दाखवलं. साहेबांनी डबा उलटापालटा केला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

शाजिया खाली बघत म्हणाली, "अब्बा, कंपनीले तं विचारलं नाई. पन मले तरी कुठी विचारलं?"

पिशवीत मी शरमेने मेल्यासारखा झालो. माझ्याखाली पिल्लू आहे, हे मी तरी पाहिलंच होतं की.

घरी भाऊंनी एकेक गवा खरवडला. खालचं पिल्लूही त्याबरोबर गेलं. शाजियाने चाळीस पिल्लं पुन्हा काढली. भाऊ ब्रश घेऊन बाजूला उभे राहिले.

"बेटा, तुह्यं नाव लिहू?"

तिने आधी शेवटच्या पिल्लाचे कान रंगवले.

"लिहा. पन लहान अक्षरात."

दुकानदाराने या खेपेला अर्धेच डबे ठेवले. बाकीचे अजून माळ्यावर आहेत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंज मला शोभतो. पण माझ्यासारखा छाप कधी तुमच्या हाती आलाच, तर रंगात बोळा बुडवण्याआधी खाली कुणी काय काढलंय ते बघा. आणि ज्याने काढलंय, त्याला विचारा.